दुमडलेला कोपरा

ताईस, धाकट्याचा नमस्कार.

तुझं पत्र पोहोचलं. मी ठणठणीत आहे, जेवणाची आबाळ नाही, गुदामातल्या गारठ्यासाठी जाड स्वेटरही घेतलाय. आईचा गुडघा कसा आहे? खरं काय ते लिही.

तू लिहिलंस, तुम्हा डाळिंबं निवडणाऱ्या बायकांचा हात बिघडलाय, म्हणून माल हलका ठरतो, असं तुमचे शेठ बोलले. कुणाचाही हात बिघडलेला नाही, ताई. इथे बंदराला जहाज लागलं की माल विकत घेणारा आमचा साहेब दोन दिवस शेठचा फोनच उचलत नाही. माल परत न्यायची सोय नसते, दुसरं गिऱ्हाईक नसतं. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणेल तो भाव. निमित्ताला पेट्यांवर ‘हलका माल’ असा शेरा लागतो, एवढंच.

शेठना सांग, तिकडेच माल तपासून साहेबाच्या माणसाची सही घ्या, मगच जहाजात चढवा. माझं नाव मात्र घेऊ नकोस.

मंगळवारी एक पेटी उघडली, तर फळांवरच्या कागदाचा कोपरा आत दुमडलेला. माझ्या वह्यांना कव्हर घालताना तू दुमडायचीस, अगदी तसा. पेटीत वाकून किती वेळ उभा होतो, कोण जाणे. एकही फळ डागी नव्हतं.

फळं साहेबाची. कागद कुणी मागत नाही, तो मी खोलीवर आणून उशाखाली ठेवलाय.

आणि ताई, इथे शेरे मारायचं काम माझ्याकडे आहे. त्या पेटीवरही मीच मारला.

तुझाच,
धाकटा