घराकडे तोंड केलेल्या पाट्या

८ फेब्रुवारी

काय हा निर्लज्जपणा! पीटरसनांच्या अंगणात वर्नाची प्रचाराची पाटी पुन्हा उभी. 'वर्ना क्यूल — गावाचा झरा गावाकडेच.' बिचारी जाऊन महिना होत आला! एप्रिलच्या गावपंचायतीच्या निवडणुकीच्या मतपत्रिका आधीच छापायला गेल्या होत्या, म्हणून तिचं नाव तिथे राहिलं, ते समजू शकते. पण पाट्या? तिच्या भाचीनं, जोडीनं, एकूण एक गोळा करून गॅरेजात रचल्या होत्या. माझ्यादेखत.

हे तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या ड्वेन हॉफचंच काम. झरा बाटलीबंद पाणीवाल्यांना विकायला निघालाय, वर मेलेल्या बाईची थट्टा!

९ फेब्रुवारी

ड्वेनला फोन करून झाडला. हसतोय! "लॉरेटा, अगं माझ्याच पाट्या वाळूच्या बादल्यांत उभ्या आहेत. जमीन गोठून लोखंड झालीय. पाटीची एक तार रोवून दाखव, माझं मत तुला!"

मेल्याचं म्हणणं खरं आहे. जमीन खणता येत नाही म्हणून तर वर्नाची पेटी अजून दफनभूमीतल्या कोठीत पडून आहे. एप्रिलची वाट बघत.

२१ फेब्रुवारी

आता चर्चच्या रस्त्यावर जागोजाग. आज वाकून पाहिल्या. तारा सरळ मातीत गेलेल्या. भोवती ना तडा, ना भुगा.

आणि तोंड घराकडे.

सगळं जग पाटी रस्त्याकडे तोंड करून लावतं. एकटी वर्ना खिडकीकडे. मी म्हणायचे, "बाई, गाड्यांना पाठ काय दाखवतेस!" ती म्हणायची, "गाड्या मत देत नाहीत गं. आतली माणसं देतात."

पीटरसनबाईंना विचारलं, उपटत का नाही? "मी लावली नाही, मग उपटू कशी? भांडी घासताना ती बघत असते, लॉरेटा." मूर्ख बाई! घरी येऊन पडदे ओढले. थंडी होती म्हणून.

४ मार्च

जोडी फोन घेऊन आली. वर्नाच्या वेबसाइटवर नवं वाक्य — 'या आठवड्यात तुमच्या गल्लीत येतेय. कुत्रा बांधून ठेवा.' कुत्र्याचं वर्ना नेहमी म्हणायची.

"मी नाही लिहिलं, आंटी. पासवर्ड मावशीच्या डोक्यात होता."

"मग वेबसाइटवाल्या कंपनीला बंद करायला सांग!"

"सांगितलं. त्यांनी बंद केलीसुद्धा."

कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवायच्या, मेलेली माणसं शेवटच्या न्यायापर्यंत स्वस्थ पडून राहतात. वर्ना लुथरन, आम्हा कॅथलिकांतली नव्हे. तिला कुणी सांगितलं नसेल.

१२ मार्च

शुक्रवारची तळलेल्या माशांची पंगत, चर्चच्या हॉलमध्ये. कुणी मोठ्यानं बोलेना. सगळीकडे कुजबुज — झरा, झरा. ड्वेनच्या टेबलावर ड्वेन एकटाच.

६ एप्रिल

वर्ना निवडून आली. दणदणीत!

मतमोजणीच्या हॉलमध्ये ड्वेननं मुद्दाम येऊन हात मिळवला. "अभिनंदन! आता तिची जागा रिकामी, जूनमध्ये पुन्हा निवडणूक. या खेपेला माझ्यासमोर कुणी जिवंत आहे का गं?"

हॉलभर सगळे बुटांकडे बघत राहिले. मीही. डिसेंबरात वर्ना म्हणाली होती, "उभी खरं तर तू राहा. जीभ तुझी. मला नुसतं ऐकून घेता येतं." मी म्हटलं, दारोदार फिरणं मला जमायचं नाही.

जूननंतर झरा गेलाच म्हणायचा.

१७ एप्रिल

जमीन सैलावली. वर्नाला पुरलं. परतताना बघते तर रस्त्यावर तिची एकही पाटी नाही. गवतात भोकंसुद्धा नाहीत. सुटलो एकदाचे!

१८ एप्रिल

सकाळी पडदा सारला. घरामागच्या सावलीत, जिथे अजून बर्फ आहे, तिथे एक पाटी. तोंड माझ्याकडे. नाव माझं.

दोन्ही हातांनी ओढली. हलत नाही.

जोडीचा फोन — "आंटी, वेबसाइटवर तुमचा फोटो आलाय. खाली लिहिलंय, आज घरी येणार."

बूट चढवलेत. पीटरसनांपासून सुरुवात करते.