दहा वर्षांवरच्या गाड्यांना जागा नाही

श्री. शालक लाइल यांस,

ड्वेनचा सविनय नमस्कार आणि मार्लिसचा आशीर्वाद (ती तुमची धाकटी बहीण खरी, पण हल्ली सगळ्यांना आशीर्वादच देते). तुमचा गुडघा, कुंपण आणि शेजाऱ्याशी असलेला वाद ही तिन्ही सुस्थितीत असावीत.

आधी तक्रार. नाताळात तुम्ही पाठवलेला पिवळा फडका धागे सोडतो. सोडतो कसला, दानच करतो. आमच्या घरगाडीला मेण चोळून मी तो फिरवला, आणि तिशी उलटलेली ती साध्वी मिसरूड फुटल्यासारखी दिसू लागली. एरवी मी ही गोष्ट उदार मनाने गिळली असती. पण सध्या आमचे सारे भवितव्य तिच्या कांतीवर अवलंबून आहे.

त्याचे असे झाले, की सोमवारच्या आत आम्हांला टूसॉनमध्ये गाडी उभी करायला जागा हवी आहे (मार्लिसचे तिथल्या डॉक्टरांकडे किरकोळ काम आहे), आणि तिथल्या यच्चयावत कॅम्पांनी एकच व्रत घेतले आहे : दहा वर्षांहून जुनी गाडी आत घ्यायची नाही. फोन लावला, की रामराम राहिला बाजूला, पहिला प्रश्न ‘मॉडेल कुठलं?’ मी म्हणतो, ‘धडधाकट.’ की फोन बंद. सोयरीक जुळवतानासुद्धा लोक वयावर इतक्या लगेच येत नाहीत.

शेवटी एका कॅम्पच्या डार्लीनबाई म्हणाल्या, फोटो पाठवा, बघते. आता गाडीच्या डाव्या कुशीला निवडुंगाने घेतलेला चावा मी चंदेरी चिकटपट्टीने बुजवलेला आहे, हे तुम्ही जाणताच (त्यावर तुम्ही केलेली कोटीही मी विसरलेलो नाही). उजवी कूस त्याहून वाईट. तेव्हा मार्लिस मोठी हॅट घालून, जिरेनियमची कुंडी कवटाळून त्या पट्टीपुढे उभी राहिली. फोटो मंजूर झाला. आम्ही विजयी मुद्रेने फाटकात शिरलो, तर डार्लीनबाई स्वतः गोल्फची छोटी गाडी हाकत तपासणीला हजर. वय ऐंशीच्या पुढे, नजर घारीची. मार्लिस कुंडीसकट टुणकन उतरली आणि आपल्या जागी उभी राहिली.

“बाई, जरा बाजूला होता का?”

“मी इथं बरी आहे.”

“कुंडी जड असेल हो.”

“सवय आहे मला.”

“राहू दे मग. मला कुठं घाई आहे?” म्हणून त्यांनी आपली गाडी बंद केली आणि हाताची घडी घातली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पूर्वी मार्लिसने डार्लीनबाईंना सूर्यास्तापर्यंत उन्हात बसवले असते. या खेपेस ती थोड्याच वेळात हळूच खाली बसली, आणि हॅटच्या वर पट्टी लखलखली.

“नियम मालकांचा आहे, माझा नाही,” डार्लीनबाई म्हणाल्या. “जुन्या गाड्या दिसल्या की नवे गाडीवाले येत नाहीत.”

“मग तुम्हांला बघून कसे येतात?” मार्लिसने खालूनच विचारले.

बाई खो खो हसल्या, तिला गार पाणी दिले, हात धरून उठवले आणि फाटक उघडले. बाहेर जायचे.

सध्या आम्ही वाळवंटातल्या सरकारी माळावर आहोत. जागा फुकट, शेजारी कोल्हे. पण वाट अशी खडबडीत, की खणातले चमचे आपणहून बाहेर येतात, आणि तसले हिसके मार्लिसला आता सोसत नाहीत. तुम्ही म्हणणार, विका ते धूड आणि हॉटेलात राहा. विकणार नाही. इंजिन चालते, शेगडी पेटते, छप्पर गळत नाही (गळते तिथे बादली आहे). ज्यांना तिचे वय खुपते त्यांनी डोळे मिटावेत.

आपला नम्र, परंतु न वाकणारा,
ड्वेन

ता. क. टूसॉनपासून जवळच असलेल्या तुमच्या कोठारामागे गाडीपुरती जागा मोकळी आहे, असे मार्लिस म्हणते. गेल्या वसंतात मी तुमच्या अंगणाविषयी जे बोललो ते मागे घेतो. तुमच्याविषयी बोललो, त्यातले निम्मे.

ता. क. दुसरा. तिने कळवू नका म्हटले आहे. तिच्या फुप्फुसात गाठ आहे. सोमवारपासून रोज किरणोपचार. हॉटेलचा विषय मी काढला होता. म्हणाली, “आजारी पडायचं तर माझ्या अंथरुणात.” तिच्यासमोर मी थट्टा करत राहतो, पण लाइल, मला फार भीती वाटते आहे. आणि हे सांगायला इथे दुसरे कुणी नाही.