जळका डायोड

३ जून

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच! गोदामात खोकी बांधून कंटाळलास म्हणतोस, म्हणून मालकांशी बोललो. हौशी लोक घरी जोडतात ते आपले छोटे रेडिओसंच विकायला जाण्याआधी मी ऐकून तपासतो, तिथे एक मदतनीस हवाय. अट एकच. तू स्वतः एक संच जोडून पाठवायचास.

बॅटरीसुद्धा नको त्याला. एरिअलची लांब तार, गुंडाळी, डायोड आणि इअरफोन. शाळकरी पोरं जोडतात, तेव्हा तुलाही जमावं. सोल्डरिंग करताना डायोड फार तापवू नकोस. जळला की संच मुका. लहानपणी तू काय काय जाळलंस ते परवा चहाच्या वेळी खात्यात सांगितलं, लोक पोट धरून हसले. वहिनी मात्र माझ्यावर चिडली.

सर्वांना आशीर्वाद सांग.
तुझा दादा

२० जून

ती. दादांस,

सा. न. वि. वि. संच पाठवत आहे. गुंडाळीचे वेढे तीनदा उसवून पुन्हा घातले. इथे छान वाजतो. तुम्ही ऐकून काय ते कळवा. चुकलं असेल तर खुशाल कान उपटा, सवय आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा.
धाकटा

२७ जून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. संच ऐकला. सकाळच्या बातम्या अगदी स्पष्ट आल्या. वेढे तर माझ्यापेक्षा देखणे. शाबास! मालकांना तसा शेरा लिहून दिलाय. वहिनी म्हणते, आजपासून ठोंब्या म्हणायचं नाही. बरं, नाही म्हणत.

लवकर ये. वाट पाहतोय.
तुझा दादा

२ जुलै

प्रिय ताई,

सा. न. आता एक गंमत ऐक. दादाला पाठवलेल्या संचात मी मुद्दाम जळका डायोड घातला होता. तो वाजणं शक्यच नाही. आणि दादा लिहितो, बातम्या स्पष्ट आल्या!

गेल्या खेपेला मी हाका मारत होतो आणि हा ढिम्म, तेव्हाच मला शंका आली होती. बहिरा झालाय तो, ताई. ऐकू येत असतं तर माझी चूक त्याने पोटात ठेवली असती? चारचौघांत सालटी काढली असती माझी. आजवर काढलीच ना!

मालकांना सगळं लिहून कळवलंय. मदतनीस कशाला, ती खुर्चीच मला हवी. तू मध्ये पडू नकोस.

मुलांना गोड पापा.
तुझा धाकटा

१९ जुलै

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. मालकांनी मला कामावरून काढलं. तुझं पत्र त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं. मग माझ्या डाव्या कानामागे हळूच चुटकी वाजवली. माझा डावा कान वर्षभर अधू आहे, मी वळलो नाही. उजवा ठणठणीत आहे, इअरफोन मी त्यातच घालतो. पण ऐकून कोण घेतो?

अरे, तुझा संच आला तेव्हा मुकाच होता. मीटर लावला, डायोड गेलेला. वाटलं, तुझ्या हातून तापला असेल. माझ्याजवळचा घातला आणि मग बातम्या ऐकल्या. लिहायला घेतलं होतं, पण वहिनी म्हणाली, एवढी एक चूक पोटात घाला, किती छळाल त्याला? म्हणून नाही लिहिलं. आता तोच संच मालकांना वाजवून दाखवला, तर म्हणतात, पत्राचं कळल्यावर दुरुस्त केला असशील.

तू दोन ओळी लिही. घाई झाली, दादाने डायोड तेव्हाच बदलला होता, एवढंच. तुझं ते ऐकतील. घर कंपनीचं आहे, महिनाअखेरीला सोडायचंय. वहिनीला अजून सांगितलेलं नाही. या वयात मला कोण ठेवणार? मी तुला फार बोललो, त्याची माफी मागतो. पण लिही रे बाबा, आजच लिही.

तुझा दादा

२६ जुलै

ती. दादांस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. तुमचं म्हणणं खरं आहे, माझी खात्री पटली. ताईही रडून सांगत होती, मालकांना लिही म्हणून. मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. तुमचं पत्र फाडून टाकलं.

तुमच्या जागेवर माझी नेमणूक झाली. घरही मिळतंय. आम्ही एकतीस तारखेला दुपारी सामान घेऊन येतोय, तोवर खोल्या मोकळ्या असाव्यात. वहिनींना काय सांगायचं ते तुम्हीच बघा. मीटर कंपनीचा आहे, तो नेऊ नये.

प्रकृतीस जपावे. धाकट्यावरची माया कमी होऊ देऊ नये.

आपला,
ठोंब्या