फ्रिगेटचा लाल तळ

घाटकोपर, शनिवार, १० मे १९८६

ह्यांनी नेव्हीतून सुट्टीवर येताना फ्रिगेटचं, म्हणजे ह्यांच्यासारख्या युद्धनौकेचं, प्लॅस्टिकचं किट आणलंय. आज जोडून, रंगवून झालं. मी डेकवर बोट ठेवून विचारलं, "तुम्ही इथे झोपता ना, वाऱ्यावर?" ह्यांनी माझं बोट धरून खाली नेलं, तळाच्या लाल रंगावर. "इथे. हा भाग पाण्याखाली असतो गं. खिडकी नाही. एकावर एक अशा बर्थवर तिघं झोपतो."

म्हणजे जुहूला भेळ खाताना मीच जास्त समुद्र बघते?

घरी आल्यापासून हे गॅलरीत झोपतात. मला वाटलं, माझा कंटाळा आला. आता तो लाल रंग डोळ्यांसमोरून जाईना. तेच कारण असेल? की मीच मनाची समजूत घालतेय?

आत्ताही ह्यांचं अंथरूण गॅलरीतच आहे. माझी उशी तिथे नेऊ? की तिथेही ह्यांना गर्दी वाटेल?