चोच मिटलेला पक्षी

बाबा,
चिंगदचनच्या चिनीमातीच्या कारखान्यातून तुमच्या लिएनचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. बोटांना भेगा पडल्यात, पण थंडीत इथे सगळ्यांचीच ती गत. भात पोटभर मिळतो. तुमचा खोकला कसा आहे?

काल उस्ताद छियूंनी कपाटातून एक जुनी निळी-पांढरी थाळी काढली. प्लमच्या फांदीवर शुभवार्तेचा पक्षी, पण चोच मिटलेली.

"मुका पक्षी लग्नात कोण घेणार!" माझ्या शेजारी बसून थाळ्या रंगवणारी मेइ हसली.

मी मात्र शेपटीचा फटकारा पाहून तुमचा हात ओळखला. मला शिकवताना तर तुम्ही म्हणायचात, "चोच उघडी काढ गं, नाहीतर आनंदाची बातमी घरात येणार कशी?"

रंगवणाऱ्या बाकीच्या मुली घरी गेल्यावर मी उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "तुझी आई गेली त्या हिवाळ्यातली आहे. कितीदा सांगितलं, तरी तुझा बाप पक्ष्याची चोच उघडी काढेना. तपासनीस थाळी फोडायला निघाला, म्हणून मी लपवली. मग एका सकाळी त्याने नव्या थाळीवर आपणहून चोच उघडी काढली. म्हणाला, 'आज घरून निघताना पोरीने हाक मारली. बाबा, लवकर या म्हणाली.'"

मला ती हाक आठवत नाही. आईचा आवाजही आठवत नाही. आपण तिच्याविषयी कधी बोललोच नाही. तुम्हाला त्रास होईल म्हणून मी विचारलं नाही, आणि मला रडू येईल म्हणून तुम्ही सांगितलं नाही.

नववर्षाला रजा मिळाली आहे. चुलीपाशी बसू. ती कशी बोलायची, ते मला सांगाल ना?

तुमचीच,
लिएन