बुधवारचा डबा

परभणी,
सोमवार, ९ डिसेंबर

ती. मालनआक्कांना
प्रभावतीचा मनापासून नमस्कार.

आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी बरी पडली आहे. तुमच्या जिंतूरला डोंगराकडून वारा येतो, तेव्हा तिकडे जास्तच असेल. गुडघ्यांना सकाळचं ऊन देता ना? तुमच्या नातीचं, भागवतच्या मुलीचं, नाव शाळेत घातलं का?

आजवर माझ्या चिठ्ठ्या तुमच्याकडे डब्याच्या झाकणाखालून आल्या, त्यामुळे पाकिटावर पत्ता काय घालावा हेच कळेना. शेवटी ‘मालनबाईंची खाणावळ, बसस्थानकासमोर’ एवढंच लिहिलं आहे. फोन करून उपयोग नाही, तुम्हाला ऐकू येत नाही. भागवतला मध्ये घालावं, तर जे लिहायचं आहे ते मुलाच्या वयाच्या माणसाला सांगण्यासारखं नाही.

तुमचा कडीचा डबा माझ्याकडेच राहिला आहे. श्रावणात कारळाची चटणी घेऊन आला तो शेवटचा. चटणी केव्हाच संपली. घासून पुसून फळीवर ठेवला आहे, आणि भांडी लावताना रोज झाकणावरचं कोरलेलं तुमचं नाव दिसतं. यांचं पोट बिघडलं होतं तेव्हा मी यांच्यासोबत पुडीत मेतकूट पाठवलं, तुम्ही तुमच्या या डब्यात ठेचा भरून पाठवलात, आणि रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून आपण दोघी इतकी वर्षं तो एकच डबा पाठवत राहिलो. मी तुम्हाला कधी पाहिलं नाही, तुम्ही मला नाही. तरी ‘तिखट जरा बेतानं घाला, आमच्याकडे डोळ्यांतून पाणी येतं’ असं तुम्हाला हक्कानं लिहिलं होतं. त्यावर तुम्ही दुप्पट तिखट घातलंत, ते विसरले नाही.

डबा का आला नाही, असं तुमच्या मनात येत असेल. हे आता बुधवारी जिंतूरला मुक्कामाला येत नाहीत. मानवतला जात नाहीत, ताडकळसला जात नाहीत. घरीच असतात.

कंपनीनं पहिल्यांदा मोबाइल दिला तेव्हा यांना कोण आनंद झाला होता. फवारणीची औषधं विकणारा माणूस, पण फोन साहेबासारखा. मग त्यात अ‍ॅप आलं. प्रत्येक दुकानासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा, म्हणजे माणूस खरंच तिथं पोचला हे वरच्यांना कळतं. मानवतचे माणिकराव म्हणायचे म्हणे, दुकान माझं आणि फोटो तुमचा, हा कुठला न्याय. मग दुकानदारांच्याच मोबाइलवर अ‍ॅप आलं. बोट लावलं की माल दारात. मग माणसानं बसचे धक्के खात जायचं कशाला? श्रावण संपता संपता हे बॅग घेऊन घरी आले आणि म्हणाले, आता सगळा टूर फोनवरच, घरून काम. मी देवापुढे साखर ठेवली. शेजारणींना सांगितलं, संपले बाई यांचे हाल.

हाल त्यांचे संपले, आक्का, माझे सुरू झाले. हसू नका.

हे फिरतीवर असायचे तेव्हा आठवड्यातले निम्मे दिवस घरात मी एकटी. आमचा मुलगा नचिकेत तर नोकरीला लागल्यापासून पुण्यालाच. पण मला कधी एकटं वाटलं नाही. गुरुवारी संध्याकाळी हे यायचे ते चपला काढता काढताच सुरू व्हायचे. कंडक्टर कुणावर डाफरला, माणिकरावांच्या मुलीचं कुठं जमलं, भाकरी टाकून उठणाऱ्याला तुम्ही कसं पुन्हा खाली बसवलंत. तुमचा आवाज काढून दाखवायचे. तुमच्या अंगणात डावीकडे तुळस आहे आणि पायरीचा एक दगड हलतो, हे मला घरबसल्या माहीत आहे. आमटी गार व्हायची, पण यांचं संपायचं नाही. उरलेला आठवडा मला तेवढं पुरायचं.

आता आम्ही दोघं दिवसभर समोरासमोर. सकाळी चहा, दुपारी जेवण, आणि मध्ये काहीही नाही. मी विचारते, आज काय विशेष? हे म्हणतात, काही नाही. खरंच काही नसतं. जो माणूस कुठं गेलाच नाही, तो येऊन सांगणार काय? बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून फोनवर बोलतात, आणि मी स्वयंपाकघरात बसून ऐकते. फोन कधी वाजत नाही. म्हणतात, तुला त्रास नको म्हणून आवाज बंद ठेवलाय. मला त्रास झाला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर एकाच बुधवारी इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडले. ऑफिसात मीटिंग आहे म्हणाले. अंधार पडल्यावर आले. शर्ट धुवायला घेतला तर त्याला चुलीच्या धुराचा वास. परभणीच्या कुठल्या ऑफिसात चूल असते? पण मी विचारलं नाही. विचारायची सवयच गेली आहे.

आता मुख्य ते लिहिते. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले ते हे लिहायचं नव्हतं म्हणून.

मागच्या आठवड्यात बाजारात तुरीच्या शेंगा छान आल्या होत्या. जास्त घेऊ का, विचारावं म्हणून माझ्या डबड्या फोनवरून यांना लावला. घरातल्या माणसाला फोन करायची वेळ कधी येत नाही, म्हणून श्रावणानंतर हा पहिलाच. एका मुलीनं उचलला. गोड आवाजात कंपनीचं नाव घेतलं आणि माझ्या दुकानाचा नंबर विचारला. मी म्हटलं, मला काशीनाथरावांशी बोलायचं आहे, मी त्यांची मिसेस. ती मग म्हणाली,

“काकू, ते आता कंपनीत नाहीत. हा नंबर कंपनीचा आहे, तो आमच्याकडे आलाय.”

मी शेंगा घेऊन घरी आले. हे खुर्चीवर बसले होते, तोच फोन कानाला. “हो माणिकराव, परवा सकाळी माल तुमच्या दारात. मी बोलून ठेवतो ना.” मला पाहिलं आणि एक बोट वर केलं, एक मिनिट म्हणून. मी मान हलवली आणि आत जाऊन शेंगा सोलत बसले. बाहेर ते माणिकरावांच्या नातवाची तब्येत विचारत होते.

आक्का, मला राग आला नाही. खरं सांगते, मला त्या फोनचा हेवा वाटला. त्या मेलेल्या फोनशी तरी हे बोलतात.

नोकरी गेली त्याचं मला एवढं नाही. नचिकेत आहे, घर स्वतःचं आहे, आम्ही उपाशी मरणार नाही. पण मला कळलं आहे हे यांना कळलं, तर हे माझ्यासमोर खुर्चीवर बसायचेसुद्धा नाहीत. आणि कळलं नाही तर आम्ही मरेपर्यंत असेच बसणार, हे बाहेर खोटं बोलत आणि मी आत खोटं ऐकत. दोन्हीची मला भीती वाटते. रोज ठरवते, आज बोलायचं. रोज चहा देऊन परत येते.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुम्ही तुमचा डबा मागा. भागवत परभणीच्या बाजारात येतो, त्याच्याकरवी यांना निरोप द्या, जरा कडक शब्दांत. आमचा डबा दाबून ठेवला का, असं. दुसऱ्याची वस्तू घरात राहिली की यांना झोप लागत नाही, स्वतः घेऊन येतील. त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी, खिडकीखालच्या बाकावर बसवा. नोकरीचं विचारू नका. दोन भाकरी जास्त वाढा. परत येताना त्यांच्याकडे मला सांगायला काहीतरी असेल.

मी तिळाच्या वड्या करून ठेवते, म्हणजे डबा रिकामा यायला नको.

हे पत्र वाचून चुलीत घाला.

तुमची न पाहिलेली,
प्रभावती


जिंतूर,
बुधवार, १८ डिसेंबर

प्रभावती वहिनी यांना मालनचा रामराम.

पत्र पोचलं. पोस्टमन लय हिंडला बिचारा, कारण पाकिटावर लिवलेली खाणावळ आता न्हाई. दसऱ्याला बंद केली. मुक्कामाला आता कुनी ऱ्हात न्हाई. कंपनीची पोरं सकाळी गाडीवर येतात, दुकानाम्होरं उभी ऱ्हाऊन फोटू काढतात अन् जेवायच्या आत माघारी जातात. आज दोन ताटं, उद्या तेबी न्हाई. भागवतनं ती खोली मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं दिली. खिडकीखालचा बाक मागं आणून ठिवलाय, त्यावर मीच बसते. तुमाला कळवलं न्हाई. कशात घालून कळवणार, डबा तर तुमच्याकडं.

आता म्या झाकून ठिवलेलं सांगते. भाऊ आलते. तुमी म्हणता तोच दिवाळीनंतरचा बुधवार. म्होरं मोबाइलचं दुकान बघून लय वेळ रस्त्यावरच उभे ऱ्हायले, मंग बोळातून मागं आले. हातात डबा नव्हता. तवाच म्या ओळखलं, घरी न सांगता आल्यात.

चुलीवर पिठलं-भाकरी केली. थोडं जेवले अन् बोलाय लागले. लय बोलले, वहिनी. डोळे पुसत बोलले. मला त्यातलं कायबी ऐकू आलं न्हाई. मला ऐकू येत न्हाई हे त्यांना ठावं हाय, म्हणूनच बोलले. म्या निसती मान हलवत ऱ्हायले. जाताना हात जोडले अन् ओठावर बोट ठिवलं. म्हणून म्या गप बसले. त्या दिशी काय सांगत होते, ते आज तुमचं पत्र वाचून कळलं.

तुमी म्हणता डबा मागा. मी मागणार न्हाई. एकटे आले तर पुन्हा मलाच सांगत बसतील. मला सांगून काय उपेग, मला कान न्हाईत. तुमाला हायत.

तुमीच डबा फळीवरून काढा अन् त्यांच्याम्होरं ठिवा. म्हणा, मालनआक्काला बघायचंय, मला वाट ठावं न्हाई, तुमी न्या. अन् बसमधी त्यांच्याशेजारी बसा. त्यांचा सारा जन्म त्या बसमधी गेलाय. रस्त्यानं एकेक गाव दावतील, मंग बोलता बोलता पुढचंबी बोलतील. तुमी मधी कायबी विचारू नका. निसती मान हलवा.

पत्र चुलीत घातलं. चूल आता दिवसातून एकदाच पेटते, माझ्यापुरती. म्होरच्या बुधवारी तिघांपुरती पेटवते.

वड्या झाल्या न्हाईत तर ऱ्हाऊ द्या. या बारीला डबा रिकामा आणला तरी चालंल.

वाट बघणारी,
मालन