कावळा शिवला तो बेबीताईसाठी

आई गो,

सोमवारी सकाळपर्यंत मला जयश्रीला 'हो' किंवा 'नाही' सांगायचं आहे, आणि आज शनिवार. असं काही ठरवायचं असलं की मी तुला फोन करायचे. तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "तुका काय वाटता ता कर." काडीचा उपयोग व्हायचा नाही, पण बरं वाटायचं. आता कोणाला विचारू? म्हणून हे पत्र. तुला जाऊन सात महिने झाले आणि मी इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कच्या स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहितेय. हसू आलं तर हस.

जयश्री आठवते ना? परळच्या हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या टेबलावर रक्त तपासायची, आपल्याकडे दोनदा जेवून गेली होती. ती आता दादरच्या एका लॅबमध्ये मोठी साहेब झाली आहे. म्हणाली, "नंदा, येणार असशील तर जागा धरून ठेवते. पण सोमवारपर्यंत सांग, नाहीतर दुसरीला घेते." सतरा वर्षं मी 'परत यायचंय, परत यायचंय' म्हणत होते. आता कोणीतरी खरंच 'ये' म्हटलं, तर माझी बोबडी वळली!

पण त्याआधी मला तुझ्याशी बाणगंगेवरच्या त्या सकाळबद्दल भांडायचं आहे. सात महिने मनात ठेवलंय.

तुला अग्नी मामाच्या दिलीपदादाने दिला. मी पोचले ती तिसऱ्या दिवशी. निदान पिंड तरी मी ठेवीन म्हटलं, तर गुरुजी म्हणाले, "हरकत नाही, हल्ली मुली करतात." वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, आणि सुलभाने आठवणीने आणलेली तुझी आवडती खारी. सगळं पानावर वाढून आम्ही मागे सरलो. मी, दादा आणि शेजारची सुलभा. कावळे होते की! चांगले सहा-सात. पण कठड्यावर बसून राहिले.

दादा हात जोडून म्हणाला, "आत्या, नंदाची काळजी करू नको, आम्ही आहोत." कावळे ढिम्म. "आत्या, गावच्या घराचं छप्पर यंदा करून घेतो." एक जरासा सरकला आणि पुन्हा जागेवर गेला. गुरुजींनी घड्याळ बघितलं. तेव्हा दादा माझ्या कानाशी आला. "नंदा, तूच बोल आता. तिचा जीव कशात अडकलाय ते काय आम्हाला माहीत नाही?"

सगळ्यांनाच माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी पुढे झाले आणि घाटावरच्या चार परक्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "आई, मी परत येते. कायमची येते. आता तिकडे राहणार नाही." दादाने डोळे पुसले. गुरुजींनीसुद्धा मान डोलावली.

आणि कावळा शिवला नाही!

किती अपमान झाला माझा, आई! मी नोकरी, घर, सगळं सोडून यायला निघाले आणि तुझा तो कावळा कठड्यावर चोच घासत बसला. गुरुजी म्हणाले, "ऊन वाढतंय, दर्भाचा करून घेऊ या." ते दर्भ शोधायला वाकले, तेवढ्यात मागून सुलभा बोलली, दुकानात सामान सांगावं तशा आवाजात. "काकू, बेबीताईची पेज मी देईन. मीठ कमी घालून."

तिचं वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर होता.

बेबीताई! गॅलरीच्या टोकाच्या खोलीतली बेबीताई! जिने तीस वर्षं तुझ्याशी कपड्याच्या दोरीवरून भांडण केलं. जिने मी बारा वर्षांची असताना नळावर सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "विमलच्या ह्या काळ्या चेडवाक कोण करतला गो?" त्या दिवशी मी तुला शपथ घातली होती, तिच्याशी पुन्हा बोलायचं नाही म्हणून. पुढे मला खरंच कोणी बायको म्हणून 'केलं' नाही, तेव्हाही मला तिचीच आठवण यायची. आणि तुझा जीव तिच्या पेजेत अडकला होता?

परत येताना टॅक्सीत मी सुलभाला विचारलं, "हे पेजेचं काय प्रकरण आहे?"

"तुला माहीत नाही?" ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. बेबीताईची एक बाजू गेली ना, तेव्हापासून काकूच करत होत्या. सकाळी पेज, दुपारी चारला चहा-बिस्किट. पावडर लावून केससुद्धा विंचरायच्या. भांडण चालूच हं पण. मीठ जास्त झालं की ती ओरडायची, मग काकू ओरडायच्या. सगळ्या मजल्याला ऐकू यायचं."

"मी यायचे तेव्हा तर कधी दिसलं नाही."

"तू आलीस की पंधरा दिवस माझी ड्यूटी. काकू म्हणायच्या, नंदाला कळलं तर ती बोलणार नाही माझ्याशी."

मग मला आणखी एक गोष्ट लक्षात आली. दर रविवारी मी फोन करायचे तेव्हा तुमच्याकडे दुपारचे साडेतीन-चार वाजलेले असायचे. दहा मिनिटं झाली की तू म्हणायचीस, "ठेव गो बाय, पाणी इला." मी सुलभाला विचारलं, आपल्याकडे पाणी कधी येतं? ती म्हणाली, "सकाळी सहाला. तेव्हाही सहालाच यायचं, विसरलीस?"

विसरले नव्हते. वेळ बदलली असेल असं धरून चालले होते. तू बेबीताईच्या चहासाठी माझा फोन ठेवत होतीस! आठवडाभर मी त्या फोनसाठी थांबायचे आणि तू मला थापा मारून त्या बाईला बिस्किट बुडवून भरवायला जायचीस!

आता थापांचा विषय निघालाच आहे, तर माझीही सांगते. आज नाही सांगितली तर कधीच सांगणार नाही.

दोन वर्षांपूर्वी तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तू आयुष्यात कधी 'ये' म्हणाली नाहीस, त्या वेळी म्हणालीस. "येशीत काय गो थोडे दिवस? डोळ्यात औषध घालूक." मी म्हटलं, रजा नाही आई, लॅबमध्ये माणसं कमी आहेत. तू म्हणालीस, "बरा."

रजा होती, आई. नऊ दिवसांची होती आणि मी ती घेतलीही. नऊ दिवस मी याच घरात बसून काढले. पहिले दोन दिवस कपाट आवरलं, मग तेही राहिलं. तुला डोळ्यावर हिरवी पट्टी लावून कॉटवर बसलेली बघितलं तर माझा पाय निघणार नाही, अशी भीती वाटली मला. परत जाताना तू गॅलरीत उभी राहतेस, मी जिन्याच्या वळणावरून वर बघते, ते पुन्हा सहन करायची ताकद नव्हती. ही काही सबब नाही. तुझ्या डोळ्यात औषध सुलभाने घातलं आणि मी इथे पडदा ओढून बसले होते. मला माफ कर असं म्हणायचीही लाज वाटते.

म्हणून तर कावळा शिवला नाही ना? मी लॅबमध्ये काम करणारी बाई. कावळ्याला भूक लागली की तो येतो आणि माणसं लांब गेली की येतो, हे मला कळतं. पण त्या घाटावर मी जे बोलले ते खरं नव्हतं, हेही मला कळतं. दादाने ढकललं म्हणून बोलले. दहा दिवसांनी मी विमानात होते. तू माझं 'येते' सतरा वर्षं ऐकत होतीस, त्याची किंमत तुझ्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

इथल्या मराठी मंडळींत हा विषय कायमचा आहे. कोणाच्याही घरी जेवायला जा, भाताची पातेली रिकामी झाली की सुरू. परत जायचं का? कोणी म्हणतं मुलं दहावीला जायच्या आत, कोणी म्हणतं घराचे हप्ते फिटले की. सगळ्यांचं उत्तर एकच, अजून पाच वर्षं. मी आले तेव्हाही पाच वर्षंच होती. तुझं कळल्यावर एक वहिनी मला जवळ घेऊन म्हणाली, "आता तू मोकळी झालीस गं. आई होती तोवर जायला कारण होतं, आता कशाला जायचं?" चांगल्या मनाने म्हणाली. मी घरी आले आणि मोकळी होऊन बसले.

आई, मी इथे किती मोकळी आहे ते तुला कधी सांगितलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी लॅबमध्ये 'बाय' म्हणते, त्यानंतर सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नाही; तुझा रविवारचा फोन होता तेवढाच. मध्ये एकदा तापाने तीन दिवस पडून होते. चौथ्या दिवशी पोस्टाची गाडी आली, तेव्हा कोणीतरी दार वाजवलं याचाच आनंद झाला. पोस्टमनला उगाच हवापाण्याचं विचारत उभी राहिले. मराठी बोलायची हुक्की आली की कुकरशी बोलते. तुझ्याशी फोनवर असताना मात्र माझा थाट बघायला हवा होता! "आज इकडे जायचंय, उद्या तिकडे बोलावलंय." कुठे नि काय!

आणि मी समजत होते, एकटी तू आहेस. लोकांना सांगायचे, "माझी आई लालबागला एकटी असते हो." तू कसली एकटी? तुला भांडायला माणूस होतं, भरवायला माणूस होतं, फोन ठेवायची घाई होती. माझी वाट बघत तू उंबऱ्यात बसली आहेस, या कल्पनेवर मी सतरा वर्षं काढली. खरं तर वाट बघत मीच बसले होते, दर रविवारची.

हे कळल्यावर मला राग आला. मग बरं वाटलं. मग इतकं रडू आलं की विचारू नकोस. तुझ्यासाठी परत यायचं, हे कारण आता उरलं नाही. ते तेव्हाही नव्हतं म्हणायचं! मग कशासाठी येऊ? आपली खोली कुलूपबंद. समोर काचेचे टॉवर उभे राहिले आहेत. चाळही आज ना उद्या पाडणार म्हणतात. माझ्या बरोबरीच्या मुली डोंबिवली-बदलापूरला गेल्या, सुलभा तेवढी राहिली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी तिथे येऊन एकटी पडले तर? इथे एकटी पडण्याची निदान सवय आहे.

इथवर काल लिहून थांबले होते. आज रविवार. पहाटेच सुलभाला फोन लावला आणि हेच सगळं बोलले. मागे बेबीताईचा आवाज येत होता. मीठ घातलंस की ओतलंस, असं काहीतरी. मी म्हटलं, "सुलभा, आई नाही. आता तिथे येऊन मी काय करणार?"

ती म्हणाली, "काकू नाहीत, हे इथे रोज कोणीतरी बोलतं. भाजीवाली बोलते, ही बेबीताई तर दिवसातून चारदा बोलते. तिथे कोण बोलतं तुझ्याशी?"

मी कुकरकडे बघितलं. मग मी म्हटलं, "मी येतेय."

"कधी?" तिने विचारलं.

आई, मी गडबडलेच. सतरा वर्षांत तू मला 'कधी' असं विचारलं नाहीस. मी 'येते' म्हणायचे, तू 'बरा' म्हणायचीस, आणि मी समजायचे, तुझा विश्वास बसला. आज कळलं तू का विचारत नव्हतीस. विचारलं असतंस तर मला खोटी तारीख द्यावी लागली असती. तेवढं पाप तू माझ्या हातून होऊ दिलं नाहीस. पण विचारायला हवं होतंस, आई. एकदा तरी दटावून विचारायला हवं होतंस.

सुलभाने मात्र सोडलं नाही. "अगं, कधी म्हणून विचारतेय. खोली झाडून ठेवायला नको?" मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेतलं. नोटीसचा एक महिना, सामान आवरायला दहा-बारा दिवस. बोट ठेवून म्हटलं, "चोवीस मे."

"मे महिन्यात कोण येतं गं, वेडी!" ती ओरडली. "घामाने वितळून जाशील!" मग फोन बाजूला धरून बेबीताईला मोठ्याने सांगायला लागली, आणि माझा चेहरा ओला झाला होता तो पुसायचंही मला सुचलं नाही.

जयश्रीला सोमवारपर्यंत थांबवलं नाही. लगेच 'हो' कळवलं. तिकीटही काढलं, म्हणजे मलाच मागे फिरता येऊ नये.

बाणगंगेवर तुला दिलेला शब्द खोटा होता, तो परत घेते. तो तुझ्यासाठी होता, आणि तुला त्याची गरज नव्हती. आज देतेय तो माझा मला हवा आहे म्हणून देतेय. विमान सकाळी उतरतं. उतरल्यावर फोन करायला घरी कोणी नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. चोवीस मेला दुपारी बाराच्या आत मी आपल्या दाराचं कुलूप काढलेलं असेल. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

तुझीच,
नंदा